फक्त शुद्धलेखन बघा

‘ताई, बाकी सगळं झालंय. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.’

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की ते म्हणण्याच्या ढबीवरून समोरच्याची निम्मी कुंडली मला मांडता येते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ ते चेकवर सही ठोकावी तसं म्हणतात. शाळेतल्या बाई अवघडून म्हणतात, कारण शुद्धलेखन बघायचं काम त्यांनीच जन्मभर केलेलं असतं. तरुण मुलं काही म्हणतच नाहीत, व्हॉट्सॲपवर फाइल टाकतात. फाइलचं नाव ‘कादंबरी फायनल नवी फायनल ३’. परिस्थिती सगळ्यांची एकच. पुस्तक स्वखर्चानं निघणार आहे, मुखपृष्ठ तयार आहे, प्रकाशनाला हॉल घेतलाय, अध्यक्षांनी तारीख दिलीय. मांडवात अक्षता वाटून झाल्यावर नवरीला ‘मुलगा पसंत आहे ना?’ असं विचारावं, तशा वेळी मला बोलावणं येतं.

मी मुद्रितशोधक. पानाला इतके रुपये असा माझा दर आहे आणि तो सगळे विचारतात, घासाघीसही करतात. संपादनाचा दर वेगळा आहे. तो विचारणारे गेल्या दहा वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आप्पांनीही तेच वाक्य म्हटलं, पण म्हणताना कापडी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते, पुढे वाहतूक नियंत्रक झाले. घर कऱ्हाडला, मूळ गाव पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीत. पुस्तक त्यांचंच होतं, पहिली कादंबरी. फंडाच्या पैशांतून एका संस्थेचं ‘पॅकेज’ घेऊन काढलेली. पॅकेजात मुखपृष्ठ, आयएसबीएन, तीनशे प्रती, आणि यादीत तिसऱ्या ओळीला ‘संपादन व मुद्रितशोधन’ असं स्वच्छ छापलेलं होतं. ते कागदसुद्धा त्यांनी जपून ठेवले होते.

ती प्रत लाल झाली होती. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना त्यांनी मानानं भेट दिली होती. मास्तरांनी महिन्याभरानं ती तपासून परत केली. शेवटच्या पानावर बेरीज होती : एकूण चुका २१४. खाली सही आणि तारीख.

मी पहिलं पान उघडलं. ‘दोघे भाऊ दर्या उतरून गावात आले.’

पाटणच्या डोंगरातले दोन भाऊ समुद्र उतरून आले होते! आप्पांनी लिहिलं होतं ‘दऱ्या’. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना तो पापणीसारखा वळणदार अर्धा र गळून पडतो आणि त्याच्या जागी डोक्यावर रफार येऊन बसतो. यंत्राच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नसतं, कारण ‘दर्या’ हाही शब्दच आहे. पुढे लग्नाच्या प्रसंगात ‘आचाऱ्यांना आधी जेवायला बसवा’ याचं ‘आचार्यांना’ झालं होतं, आणि समासात मास्तरांनी विचारलं होतं : ‘कोणते? द्रोणाचार्य?’ मी हसले. आप्पा हसले नाहीत. चार वर्षं ती प्रत त्यांनी कपाटात ठेवली होती. घरात कोणाला दाखवली नव्हती आणि फेकूनही दिली नव्हती.

संपादन झालं होतं ते एवढंच : फॉन्ट बदलला होता.

मलपृष्ठावर आयएसबीएन होता. पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्यांना या क्रमांकाचं फार अप्रूप असतं. सरकारनं पुस्तक तपासून शिक्का मारलाय अशा भावनेनं ते तो दाखवतात. आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था हा क्रमांक देते, फुकट देते, आणि पुस्तकाच्या आत काय आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नसतं. मजा अशी, की त्या क्रमांकाची स्वतःची तपासणी मात्र चोख असते. तेरा आकडे. पहिल्या बारांना आळीपाळीनं एक आणि तीननं गुणायचं, बेरीज करायची, आणि त्या बेरजेला दहानं भाग जाईल असा तेरावा आकडा शेवटी बसवायचा. मधला एक आकडा जरी चुकला तरी हिशेब जुळत नाही. म्हणजे मागच्या तेरा आकड्यांना हक्काचा मुद्रितशोधक आहे आणि आतल्या साठ हजार शब्दांना नाही.

मी या धंद्यात १९८९ साली आले. पुण्यात पेठेतला छापखाना, खिळ्यांची छपाई शेवटच्या घटका मोजत होती. तपासणी दोघांनी करायची पद्धत होती. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून बघायचं. वाचणाराही नुसता वाचत नसे, वेलांट्या-उकारांसकट म्हणे : ‘नदी, दुसरी वेलांटी, स्वल्पविराम’. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो जप चाले. घरी जाऊन स्वयंपाक करतानाही डोक्यात ‘पोळी, दुसरी वेलांटी’ असं यायचं.

तिथे एक वयस्कर तपासणीस होते, सगळे त्यांना काका म्हणत. माझ्या हातात पहिल्यांदा एक ग्रामीण कथा आली तेव्हा मी ती हौसेनं ‘शुद्ध’ केली. जिथे जिथे ‘न्हाई’ होतं तिथे ‘नाही’ केलं, ‘कवा’चं ‘केव्हा’, ‘हितं’चं ‘इथे’. काकांनी प्रूफ बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘पोरी, या म्हातारीला तू शनिवार पेठेत आणून बसवलंस. आता तिला परत गावाला सोडून ये.’ सगळ्या खुणा खोडून पुन्हा लावायला दोन दिवस गेले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा, त्यांतले चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. ते तोवर मला तोंडपाठ होते. ते कुठे लावायचे नाहीत हे त्या दोन दिवसांत कळलं.

हे सांगते कारण स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्यांना संपादक म्हटलं की एक तर मास्तरांची लाल शाई आठवते, नाहीतर दारावरचा पहारेकरी. यांतल्या पहारेकऱ्याची भीती अगदीच निराधार नाही. गिरगावात खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी पत्रापत्री करून कथा पुन्हा पुन्हा लिहवून घेत. त्यातून मराठी कथेचं भलं झालं. पण आपली कथा त्या वहाणेत पाय घालायला तयार नाही असं वाटणारेही होते. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली. स्वतःचं स्वतः छापायचं, कोणाच्या होकाराची वाट बघायची नाही, ही ऊर्मी आजची नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १८९० साली, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि स्वतःच्या कादंबऱ्या स्वतःच्याच साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापल्या. लेखक तेच, संपादक तेच. तेव्हा ‘स्वतः काढलेलं’ म्हणजे दुय्यम, हा आजचा आकस मला पटत नाही. लघुनियतकालिकांच्याच गोतावळ्यातल्या अशोक शहाण्यांनी पुढे ‘प्रास’तर्फे १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. मोठी संस्था पाठीशी नसली म्हणून पुस्तक गबाळं होतं असं ते हातात घेऊन कोणी म्हणणार नाही.

फरक दुसरीकडे आहे. बंड करणाऱ्या त्या मंडळींना एकमेकांचे कान होते. एकाची कविता दुसऱ्याच्या टेबलावर चहाबरोबर सोलली जायची. आप्पांना कोण होतं? त्यांनी साडेतीनशे पानं लिहिली आणि छापून येईपर्यंत ती एकाही माणसानं वाचली नव्हती. घरच्यांनी ‘छान झालंय’ म्हटलं, तेही मुखपृष्ठ बघून. पुस्तक वाचणारा पहिला माणूस भेटला तो लाल पेन घेऊन, आणि तोवर तीनशे प्रती माळ्यावर चढल्या होत्या.

दुसऱ्या कादंबरीची फाइल त्यांनी मला दिली. ती त्यांनी फोनवर बोलून लिहिली होती. सकाळी फिरायला जाताना बोलायचं, फोननं ते टाइप करायचं. पूर्णविराम नव्हतेच. फोनला पाटणची बोली झेपलेली नव्हती; ‘न्हाई’चं त्यानं बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ केलं होतं, काही ठिकाणी चक्क ‘न्हावी’. त्यामुळे एक करारी आजी सुनेला सांगत होती : ‘माझ्या घरात हे चालायचं न्हावी.’

मी प्रत्येक कादंबरीला एक दोनशेपानी वही घालते. कोणाचं नाव कसं लिहिलंय, वय किती, कुठल्या पानावर कोणाचा कुठला पाय मोडला, कोण कोणाला काय हाक मारतं. लेखकाला वाटतं हे आपल्याला पाठ आहे. नसतं. आप्पांची नायिका हौसा तिसऱ्या प्रकरणात डावखुरी होती आणि आठव्यात उजव्या हातानं विळा चालवत होती. धाकटा दीर एका उन्हाळ्यात तीन वर्षांनी मोठा झाला. एसटीच्या बाबतीत मात्र एक चूक सापडेल तर शपथ. मुक्कामाची गाडी गावात किती वाजता यायची, कंडक्टर रात्री वेबिल कुठल्या कंदिलाच्या उजेडात पुरं करायचा, तिकिटाचा पंच दाराच्या दांडीवर वाजवून ड्रायव्हरला काय सांगायचा, सगळं बिनचूक. जिथे माणूस नोकरीभर उभा राहिलेला असतो तिथे त्याला संपादक लागत नाही.

आणि मग अकरावं प्रकरण आलं. प्रकरणाच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं होतं : ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप. पार पुण्यामुंबईची माणसं त्या पहाटे अंथरुणातून उठून बाहेर आली होती. कोयनानगरात आणि पाटणच्या खोऱ्यात घरंच्या घरं बसली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आप्पा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि त्या बसलेल्या घरांपैकी एकात झोपलेले होते. ते प्रकरण वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती. त्यात असं होतं, की मुलगा बाहेर येतो, टिपूर चांदणं पडलेलं असतं, आणि त्या चांदण्यात त्याला आपलं घर पहिल्यांदा आडवं झालेलं दिसतं.

दुसऱ्यांदा वाचताना मी सवयीनं तिथी बघितली. हल्ली फोनवर कुठल्याही रात्रीचा चंद्र काढता येतो. मार्गशीर्ष शुद्ध दशमी. म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर दीडदोनच्या सुमारास मावळलेला. सव्वाचारला आकाशात चंद्र नव्हता.

अठरा नियमांत चंद्र कधी मावळतो याचा नियम नाही. मला शुद्धलेखनाचेच पैसे मिळणार होते. कादंबरी आहे, लेखकानं त्याला हवा तिथे चंद्र टांगावा, मी कोण? एक दिवस मी ते तसंच सोडलं. पण डोक्यावर तारीख होती, वेळ मिनिटासकट होती. ‘एका थंडीत’ एवढंच असतं तर मी चंद्राला हात लावला नसता. तारीख लिहिली की चंद्र लेखकाचा राहत नाही. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : ‘चंद्र?’

रात्री फोन आला. ‘ताई, ते चंद्राचं काय काढलंय?’

मी तिथी सांगितली.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, ‘ताई, मी हुतो तिथं. तुमी नव्हता.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी म्हटलं, आप्पा, पुस्तक तुमचं आहे, ठेवा म्हणालात तर ठेवते. त्यांनी फोन ठेवला. तीन आठवडे काही निरोप नाही. मला वाटलं हे काम गेलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा रागही आला. ज्या माणसाचं घर त्याच्या अंगावर पडलं त्याला मी पंचांग दाखवत होते.

तीन आठवड्यांनी ते स्वतःच आले, न कळवता. थोरल्या बहिणीकडे जाऊन आले होते. अक्का ऐंशीला टेकलेल्या, गावातच राहतात. त्यांनी अक्कांना विचारलं होतं, त्या राती चांदणं हुतं का गं? अक्का म्हणाल्या, ‘कसलं चांदणं! आईनं आपली डोसकी चाचपून पोरं मोजली. आज्जीला काढली ती कण्हण्यावरनं.’ आणि थोड्या वेळानं आपणहोऊन म्हणाल्या, ‘चांदणं मागनं. आपण खळ्यावर निजायचो तवा.’

भूकंपानंतर कित्येक रात्री कोणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. जमीन मधूनमधून हलतच होती. सगळा गाव खळ्यांवर, पेंढ्यावर, उघड्या आभाळाखाली. आणि चंद्र रोज वाढत होता, १६ तारखेला दत्तजयंतीची पौर्णिमा होती. आठ वर्षांच्या मुलानं आडवं झालेलं घर पाहिलं होतं ते त्या रात्रींत, पेंढ्यावर पडल्या पडल्या, पुन्हा पुन्हा. साठ वर्षांच्या आठवणीनं त्या पाचसहा रात्री एका रात्रीत दुमडून ठेवल्या होत्या.

‘म्हणजे मी खोटं लिवलं न्हवतं,’ आप्पा म्हणाले.

‘नाही हो.’

‘फक्त राती एकावर एक पडल्या.’

त्यांनी प्रकरण मोडून दोन केली. पहिल्यात उजेड नाही. घर पडताना दिसत नाही, ऐकू येतं : आधी भांडी, मग दगड, मग गोठ्यातली घंटा, मग काहीच नाही. आई काळोखात हाका मारत नाही, कारण आवाज फुटत नाही. ती बसून डोक्यांवरून हात फिरवत मोजते आणि चौथ्या डोक्याशी थांबते. हे सगळं आधीच्या खर्ड्यात नव्हतं. चांदण्यात सगळं दिसत होतं, त्यामुळे ऐकायची गरजच पडली नव्हती. दुसऱ्या प्रकरणात पाच रात्री आणि वाढता चंद्र. घर रोज थोडं जास्त दिसतं. पौर्णिमेच्या रात्री मुलाला ढिगाऱ्यात स्वतःची पाटी दिसते.

मी यातलं एक वाक्यही सुचवलेलं नाही. माझ्या नावावर त्या प्रकरणात एक प्रश्नचिन्ह आहे, पेन्सिलीचं. बिलात मी ‘मुद्रितशोधन’च लिहिलं, दुसरं काय लिहिणार?

या निमित्तानं मला शुद्धिपत्राची आठवण येत राहिली. जुन्या पुस्तकांच्या शेवटी एक चिठोरं डकवलेलं असे : पान अमुक, ओळ तमुक, चूक, दुरुस्त. लाजिरवाणं वाटे, पण त्यात एक सरळपणा होता. आता मागणीप्रमाणे दहा-दहा प्रती छापता येतात, ई-बुकाची फाइल रात्रीतून बदलता येते. चूक निस्तरणं इतकं सोपं कधीच नव्हतं. आणि तरीही मी अशी पुस्तकं बघते ज्यांच्यात पाच वर्षांपूर्वीचा ‘दर्या’ अजून उसळतोय. दुरुस्त करणं सोपं झालं म्हणून चूक सांगणारा माणूस काही आपोआप उगवत नाही.

डिसेंबर आला. पुस्तक छापायला गेलं होतं, सोळा सोळा पानांचे पहिले आठ फर्मे छापून झाले होते. एका पहाटे साडेचारला फोन वाजला. अशा वेळचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, असंच वाटतं. आप्पा होते.

‘ताई, निजला हुता काय?’

‘काय झालं आप्पा?’

‘दशमी हाय आज. मार्गशीर्षातली.’ मागे वारा ऐकू येत होता. ‘गावाला आलोय. खळ्यावर उभा हाय. वरच्या अंगाला, हितं लाइट न्हाई.’

मी उठून बसले.

‘चंद्र न्हाई,’ ते म्हणाले. ‘तुमचं बराबर हाय. पर ताई, आपण लिवलंय, डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. तसं न्हाई. चांदण्या हायती. भित दिसत न्हाई, पण भित कुठं संपती ती रेघ दिसती. हात हलवला की हललेला कळतो.’

ते वाक्य त्यांनी दुरुस्तीच्या भरात घातलं होतं आणि मी वाचून खूश झाले होते. चंद्र नाही म्हणजे मिट्ट काळोख, हे आम्ही दोघांनी घरात दिव्याखाली बसून ठरवलं होतं.

‘बदलायचं का?’ मी विचारलं.

‘फर्मा गेला काय?’

पान १४३. नववा फर्मा. मी म्हटलं, उजाडल्यावर छापखान्यात फोन करते, थांबवतील. आप्पा बरं म्हणाले, पण फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही. पलीकडे ते बहुधा हात हलवून बघत होते.